मेलवर आलेलं मेलवर जातं

हिंजवडीतल्या कंपनीचं ऑफर लेटर घरात आलं की आधी आकडा वाचला जातो आणि मग यादी. जेवण कंपनीचं. कॅब कंपनीची. आई-वडिलांसकट मेडिक्लेम. जिम, टेबल टेनिस, शुक्रवारचे खेळ, दिवाळीला खोकं, पाच वर्षं झाली की मानचिन्ह. लातूर-नांदेडकडच्या घरांत ही यादी पाहुण्यांना वाचून दाखवतात आणि त्यात हसण्यासारखं काहीही नाही. ज्या घरात नोकरी म्हणजे पगार आणि पगार म्हणजे देणेकऱ्यांची तोंडं बंद करणं, त्या घराला पहिल्यांदाच कुणीतरी सांगतंय की तुझ्या पोराच्या जेवणाची, येण्याजाण्याची आणि तुझ्या दुखण्याचीही सोय आम्ही बघू.

मला त्या यादीबद्दल एकच विचारायचं आहे. ती कुठल्या कागदावर लिहिलेली आहे?

ऑफर लेटरच्या शेवटी एक तक्ता असतो. बेसिक, एचआरए, स्पेशल अलाउन्स, पीएफमधला कंपनीचा वाटा, ग्रॅच्युइटी, मेडिक्लेमचा हप्ता, व्हेरिएबल आणि तळाला ठळक अक्षरांत सीटीसी. त्यातल्या ग्रॅच्युइटीच्या ओळीवर बोट ठेवा. बेसिकच्या ४.८१ टक्के. कायम नोकरीत सलग पाच वर्षं काढल्याशिवाय ही रक्कम हातात पडत नाही. दोन-अडीच वर्षांत कंपनी बदलणारी पोरं ती ओळ दर वेळी पगारात धरतात आणि दर वेळी तिथंच सोडून पुढं जातात. व्हेरिएबल मिळणार की नाही ते कंपनीच्या तिमाहीवर आणि मॅनेजरनं दिलेल्या रेटिंगवर. जेवण, कॅब, जिम यांचा तर या तक्त्यात पत्ताच नसतो. त्या गोष्टी असतात कंपनीच्या आतल्या पोर्टलवर, पॉलिसीच्या पीडीएफमध्ये. शेवटच्या पानावर एक वाक्य असतं: हे धोरण पूर्वसूचनेशिवाय बदलण्याचा किंवा मागं घेण्याचा अधिकार कंपनी राखून ठेवत आहे. मी वाचलेल्या प्रत्येक पीडीएफमध्ये ते वाक्य होतं.

आधी चांगलं ते सांगतो, कारण ते खरोखर चांगलं आहे.

थेरगाव-वाकडच्या कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलात टीपीए डेस्कसमोर थोडा वेळ उभं राहा. छातीत दुखतंय म्हणून गावाहून आणलेला बाप चाकाच्या खुर्चीत बसलेला असतो. पोरगा मोबाइलवर ई-कार्ड काढतो, बापाचं आधार पुढं करतो, डेस्कवरची मुलगी एम्प्लॉयी आयडी विचारते. बापाची शुगर जुनी आहे. बाहेरची पॉलिसी घ्यायला गेला असता तर जुन्या आजारासाठी वर्षं-वर्षं थांबा म्हणाले असते; कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत तो बहुतेक वेळा पहिल्या दिवसापासून धरलेला असतो. संध्याकाळपर्यंत प्री-ऑथ येतं, दुसऱ्या दिवशी स्टेंट पडतो, आणि शेताचा तुकडा विकायचं जे बोलणं घरात सुरू झालेलं असतं ते तिथंच थांबतं. हिंजवडीनं मराठवाड्यातली किती एकर जमीन अशी वाचवली याचा हिशोब कुणी मांडलेला नाही. कुणीतरी मांडावा. मला तो कुठल्याही निर्यातीच्या आकड्यापेक्षा मोठा वाटतो.

कॅबचंही तसंच. रात्रपाळी करणारी मुलगी आणि तिला ती करू देणारं घर या दोघांमध्ये ती पांढरी गाडी उभी आहे. गाडी दारात येते, ड्रायव्हरचं नाव आणि नंबर आधी मोबाइलवर येतो, बापाला लाइव्ह लोकेशन दिसतं. या एका सोयीनं किती मुलींची नोकरी टिकली, आणि नोकरी टिकल्यानं किती लग्नं त्यांच्या मर्जीनं ठरली, हे वाकड-पिंपळे सौदागरमधल्या पीजीच्या मावशींना विचारा. त्या बरोबर सांगतील.

पण यादीतल्या काही गोष्टींवर कंपनीनं आपलं औदार्य म्हणून नाव टाकू नये. पाळणाघर घ्या. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीनं ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक केली, आईला दिवसातून चार वेळा बाळाकडं जायची मुभा दिली आणि पगारी रजा २६ आठवड्यांची केली. कॅन्टीन घ्या. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकानं व आस्थापना कायद्यात १०० किंवा जास्त कामगार असतील तिथं कॅन्टीन द्यायची तरतूद आहे. रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी, संरक्षण हवं आणि तिला घरच्या दारापर्यंत पोचवायची सोय हवी, हेही त्याच कायद्यात आहे. भरतीच्या पानावर 'आम्ही आमच्या महिला सहकाऱ्यांची काळजी घेतो' या मथळ्याखाली हे सगळं छापलं जातं. कायदा पाळला एवढंच त्या मथळ्याखाली लिहावं.

रात्रीच्या कॅबच्या नियमांना तर रक्ताची किंमत मोजलेली आहे. १ नोव्हेंबर २००७ च्या रात्री पुण्यातल्या एका बीपीओत कामाला निघालेल्या तरुणीवर कंपनीसाठी धावणाऱ्या कॅबच्या चालकानं आणि त्याच्या साथीदारानं बलात्कार केला आणि गहुंजेजवळ तिचा खून केला. मुलगी गाडीत पहिली चढणारी किंवा शेवटची उतरणारी नको, रात्री सोबत गार्ड हवा, चालकाची पोलीस पडताळणी हवी, या गोष्टींचा आग्रह त्यानंतर वाढला. तेव्हा त्या सोयीला पर्क म्हणताना जीभ जरा जड व्हायला हवी.

आता संध्याकाळकडं या. अनेक ऑफिसांत ठरलेलं असतं की रात्री आठपर्यंत थांबलात तर जेवण फुकट आणि नऊनंतर निघालात तर घरापर्यंत कॅब. सहाला निघणाऱ्याला दोन्ही नाही. त्यानं विप्रो सर्कलच्या गर्दीत स्वतःची गाडी घालावी. पीजीत राहणारं पोरगं हिशोब करतं: सहाला निघून दीड तास ट्रॅफिकमध्ये, मग मेसचं थंड जेवण, त्यापेक्षा थांबावं, इथं एसी आहे, पनीर आहे, गाडी आहे. थांबतं म्हटल्यावर काम करतंच. मॅनेजर म्हणतो, मी कुणालाही थांबायला सांगितलं नाही. खरंच सांगितलेलं नसतं.

मी दुसरा हिशोब करून दाखवतो. हिशोबापुरतं वर्षाला १२ लाख धरा. आठवड्याला ४८ तास आणि वर्षाचे ४८ आठवडे म्हणजे २,३०४ तास. तासाला साधारण ५२० रुपये. रोज सहा ते नऊ थांबणारा तीन तास देतो, म्हणजे १,५६० रुपयांचं काम, आणि त्याला थाळी मिळते दीडशे-दोनशेची. हाच जादा वेळ कायद्यानं मोजला तर दुप्पट दरानं पैसे द्यावे लागतील, कारण त्याच २०१७ च्या कायद्यात मुळात दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८ आणि त्यावर दुप्पट असं लिहिलेलं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं दिवसाची मर्यादा ९ वरून १० तासांवर न्यायला मंजुरी दिली. हिंजवडीत त्यावर कुणी फारसं बोललं नाही. दहाव्या तासाला घरी असतं कोण?

तासांच्या बाबतीत वरून येणारा आवाज तर एकसारखा कधीच नव्हता. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायला सांगितलं. २०२५ मध्ये त्यांनीच उभ्या केलेल्या कंपनीतून कर्मचाऱ्यांना मेल जायला लागले की घरून काम करताना तुम्ही दिवसाच्या सव्वानऊ तासांच्या वर जाताय, तब्येत सांभाळा. त्या मेलचं मी मनापासून स्वागत करतो. अशी आठवण करून देणारी मोठी कंपनी विरळा. पण मेल पाठवला म्हणून डेडलाइन हलली का, हे त्या मेलमध्ये कुठं असतं? माणसं वाढवली का? तास कमी करायचे तर काम कमी करावं लागतं किंवा हात वाढवावे लागतात. तब्येत सांभाळायचा सल्ला फुकट आहे आणि हिंजवडीत तो मुबलक मिळतो.

पुण्यातच जुलै २०२४ मध्ये एका मोठ्या सल्लागार कंपनीत रुजू होऊन चारच महिने झालेली २६ वर्षांची सीए मुलगी गेली. तिच्या आईनं कंपनीला पत्र लिहिलं आणि देशभर चर्चा झाली. कामगार खातं तपासायला गेलं तेव्हा कळलं की २००७ पासून चालणाऱ्या त्या ऑफिसची दुकानं व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नव्हती. तासांची मर्यादा ज्या कायद्यात आहे तोच कायदा. अशा ऑफिसांत भिंतीवर वेलनेसची पोस्टरं लागतात, ध्यानाचे वर्ग भरतात, आणि कामगार निरीक्षकाला दाखवायच्या कागदाचा ठिकाणा नसतो. या एका गोष्टीवर मी कितीही वेळा लिहायला तयार आहे.

आता हिंजवडीवरून गाडी तळवडे, मोशीमार्गे चाकणला काढा. अंतर फार नाही. पण तिथं यादी वेगळ्या कागदावर असते. युनियन असलेल्या कारखान्यात दर तीन-साडेतीन वर्षांनी वेतनवाढीचा करार होतो. त्यात पगारवाढीचा आकडा असतोच, कितीची वाढ पहिल्या वर्षी, किती दुसऱ्या, तेही असतं. त्याखाली कलमं: बसचं भाडं किती कापायचं, कॅन्टीनच्या जेवणाचा दर किती, गणवेश किती जोड, सेफ्टी शूज किती महिन्यांनी, दिवाळी भेट काय, मेडिक्लेममध्ये कोण-कोण, कामगार वारला तर सहकाऱ्यांच्या पगारातून किती आणि कंपनीकडून किती, मुलांच्या शिक्षणासाठी किती. तळाला दोन्ही बाजूंच्या सह्या. सह्या झाल्या की गेटवर गुलाल, ढोल, पेढे, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात हार घातलेल्यांचा फोटो. शहरातली मंडळी तो फोटो बघून पान उलटतात. मी सांगतो, त्या फोटोत जे आहे ते हिंजवडीच्या कुठल्याही पंचतारांकित कॅम्पसमध्ये नाही. कॅन्टीनचा दर चार आण्यांनी वाढवायचा तरी साहेबाला समोरच्याशी बोलावं लागतं.

याचा पाया जुना आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यानं २५० पेक्षा जास्त कामगारांच्या कारखान्यात कॅन्टीनची तरतूद केली आणि तिच्या कारभारात कामगारांचे प्रतिनिधी असावेत हेही सांगितलं. भाजीत मीठ जास्त पडलं तर तक्रार कुणाकडं करायची हे तिथं ठरलेलं असतं. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली तेव्हा कारखान्याबरोबर वसाहत आली, शाळा आली. या पट्ट्यातली पर्क्सची पहिली मोठी यादी तीच. पुढं कंपनी आजारी पडली, पगार महिनोन्‌महिने थकले आणि वसाहतीच्या झाडांखाली राहणाऱ्या कुटुंबांनी उसनवारीवर दिवस काढले. म्हणजे कागदावर लिहिलेलं बुडत नाही असं मी म्हणत नाही. कागदावर लिहिलेलं मागता येतं. त्या कामगारांनी थकलेले पगार वर्षानुवर्षं मागितले, कारण काय मागायचं ते लिहिलेलं होतं.

चाकणचं सगळं सोनं आहे असंही नाही. करार होतो कायम कामगारांचा. त्याच लाइनवर, तोच नट आवळणारा कंत्राटी आणि ट्रेनी पोरगा त्या फोटोत नसतो. त्याला पेढा मिळतो, करार नाही. हिंजवडीतही अगदी हेच आहे, फक्त तिथं काम वेगळं असल्यामुळं ते चटकन दिसत नाही. कॅफेटेरियात फुकट कॉफीचं मशीन भरणारा, टॉयलेट पुसणारी, गेटवर बारा तास उभा राहणारा आणि ती रात्रीची पांढरी गाडी चालवणारा, हे सगळे कंत्राटदाराचे. दुसऱ्याची पर्क म्हणजे यांची ड्यूटी. मार्च २०२०ला ऑफिसं बंद झाली तेव्हा इंजिनिअर लॅपटॉप घेऊन घरी गेला आणि त्याचा पगार चालू राहिला. कॅन्टीनचे आचारी आणि कॅबवाले यांचं काम थांबलं. हप्त्यावर घेतलेल्या गाड्या माण-मारुंजीच्या मोकळ्या प्लॉटांवर धूळ खात उभ्या होत्या. ते त्या काळात तिथून गेलेल्या प्रत्येकानं पाहिलंय.

एक तुलना माझ्या डोक्यातून जात नाही. इन्फोसिस १९८१ साली पुण्यात जन्मली आणि १९९४ मध्ये तिनं कर्मचाऱ्यांना शेअर द्यायला सुरुवात केली. मध्यमवर्गानं त्या गोष्टी कौतुकानं सांगितल्या, अजून सांगतो, आणि ते कौतुक रास्त आहे: ज्यांनी कंपनी वाढवली त्यांना कंपनीत वाटा मिळाला. २५ जून २०१३ ला बजाज ऑटोच्या चाकण कारखान्यातल्या कामगारांनी काम थांबवलं. त्यांच्या मागण्यांत एक होती की प्रत्येक कामगाराला एक रुपया दरानं ५०० शेअर द्या. त्यावर हसू झालं. संप ५० दिवस चालला, ऑगस्टच्या मध्याला मागं घेतला, आणि शेअरची मागणी मान्य झाली नाही. पल्सरची बांधणी करणाऱ्याला कंपनीत वाटा हवासा वाटणं यात चुकीचं काय होतं, हे मला त्या वेळी कुणी पटवून दिलं नाही, आजही देऊ शकलेलं नाही. एका बाजूला तीच गोष्ट ईसॉप म्हणून मिरवते आणि दुसऱ्या बाजूला ती कामगाराची आडमुठी मागणी ठरते. फरक एवढाच की एकीकडं ती वरून दिली गेली आणि दुसरीकडं खालून मागितली गेली.

आणि म्हणून हिंजवडीतला माणूस एकटा पडतो. जुलै २०२५ च्या अखेरीस एका बड्या आयटी कंपनीच्या हिंजवडी कॅम्पसबाहेर एक कर्मचारी फूटपाथवर झोपला. डोक्याखाली बॅग, शेजारी हातानं लिहिलेलं पत्र: पगार मिळालेला नाही, राहायला पैसे नाहीत. कंपनीचं म्हणणं होतं की हा परवानगीशिवाय गैरहजर राहिल्याचा मामला आहे आणि अशा वेळी नियमाप्रमाणं पगार थांबतो. बरोबर कोण, याचा निवाडा मी फोटोवरून करणार नाही. पण फोटोत माणूस एकटा होता. युनियन असलेल्या कारखान्यात एकाचा पगार थांबला की पाळी सुटताना गेट सभा भरते आणि निदान पन्नास माणसं शेजारी उभी राहतात. इथं हजारो माणसं आयकार्ड गळ्यात घालून त्याच्या बाजूनं आत गेली. त्यातल्या कित्येकांना वाईट वाटलं असणार. पण थांबायचं कसं, कुणाच्या वतीनं, याची त्यांना सवयच नाही. त्याच जुलैत टीसीएसनं देशभरातले सुमारे १२,००० म्हणजे दोन टक्के कर्मचारी कमी करण्याचं जाहीर केलं होतं. अशा दिवसांत कोण थांबेल?

सोयींनी अजून एक मोठं नुकसान केलंय, ते गेटबाहेरचं. कंपनीनं बस दिली की पीएमपीच्या बससाठी भांडणारा कमी होतो. कंपनीनं जनरेटर दिला की वीज गेल्याचं कळतच नाही. टँकर येतो म्हणून नळाची चौकशी होत नाही. बसमध्ये एसी, पडदे, कानात इअरफोन. भूमकर चौकात पाऊण तास गेला तरी तो पाऊण तास मीटिंगमध्ये वापरता येतो. आतली हिरवळ कापलेली, बाहेरच्या खड्ड्यात दुचाकीवाला पडलेला. हिंजवडी, माण, मारुंजी या ग्रामपंचायती. रस्ता कुठं एमआयडीसीचा, कुठं पीएमआरडीएचा. पलीकडं वाकडला महापालिका. जबाबदार कोण हे शोधायलाच माणसाला रजा काढावी लागेल. मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं, काम २०२१ च्या अखेरीस सुरू झालं, मार्च २०२५ ची मुदत हुकली. जून २०२५ च्या पावसात इथले रस्ते तुंबले तेव्हा देशानं त्याचे व्हिडिओ बघितले. जुलैत तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार भल्या सकाळी पाहणीला आले आणि आयटी पार्क बंगळूर-हैदराबादला चालल्याबद्दल सरपंचांसमोर चिडून बोलले. चिडायला कारण होतंच. पण राजकारण्याला इथल्या इंजिनिअरची भीती का नाही, तेही बघू. त्याचं मतदार यादीतलं नाव अजून उदगीरला, नाहीतर जळगावला, नाहीतर इंदूरला आहे. इथं तो पाहुणा आहे, आणि कंपनीनं त्याला पाहुण्यासारखंच ठेवलंय.

फुकट जेवणाचं हे वेड जिथून आलं त्या कॅलिफोर्नियात निदान एका नगरपालिकेनं गेटबाहेरचा विचार केला. गूगलनं १९९९ मध्ये ऑफिसात आचारी ठेवला आणि मग सगळ्या उद्योगानं तो कित्ता गिरवला. त्याच गूगलच्या गावानं, माउंटन व्ह्यूनं, फेसबुकच्या नव्या ऑफिसला परवानगी देताना अट घातली की कर्मचाऱ्यांचं जेवण पूर्ण फुकट द्यायचं नाही; लोकांनी बाहेर पडावं, गावातल्या हॉटेलांत जेवावं. हिंजवडीत टपऱ्या टिकल्या त्या अशा कुठल्या अटीनं नाही. फेज एक ते तीन, कुठंही गेटसमोर बघा: चार वाजले की चहाच्या टपरीपाशी आयकार्डांची गर्दी. आत मशीनची कॉफी फुकट असताना दहा-पंधरा रुपये देऊन ही पोरं उन्हात उभं राहून चहा पितात, कारण पगार किती वाढला, कुठं ओपनिंग आहे, कुणाला पीआयपीवर टाकलं, हे बोलायला तेवढी एकच जागा आहे. चाकणची गेट सभा ती हीच, फक्त तिचा ठराव कधी होत नाही.

तो व्हायला हवा आणि होऊ शकतो. आयटीवाल्यांना युनियन करता येत नाही ही समजूत खोटी आहे. अर्जावर सात सह्या लागतात आणि मोठ्या कंपनीत १०० सभासद; हजारोंच्या कॅम्पसमध्ये १०० म्हणजे एका मजल्याचा कोपरा. बंगळूरला केआयटीयू ही नोंदणीकृत युनियन आहे आणि २०२४ मध्ये कर्नाटकात दिवसाला १४ तासांपर्यंत काम वाढवायचा घाट घातला गेला तेव्हा ती रस्त्यावर उतरली. पुण्यात नाइट्स ही संघटना कामगार खात्याकडं तक्रारी नेत असते. तिच्याकडं जाणारा माणूस बहुधा नोकरी गेल्यावर जातो. नोकरी असताना जावं.

आणि ज्यांना युनियन हा शब्द नको असेल त्यांनी निदान पत्राकडं बघावं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि नियुक्तिपत्र प्रत्येक कामगाराला देणं बंधनकारक झालंय. ते पत्र घेताना विचारा: कॅब आणि मेडिक्लेमची हमी या पत्रात का नाही? जिमबद्दल विचारू नका, जिम गेलं तर काही बिघडत नाही. मेडिक्लेमबद्दल विचारा. नोकरीच्या शेवटच्या दिवशी रात्री बारा वाजता ते ई-कार्ड बंद पडतं आणि बापाच्या छातीतला स्टेंट तिथंच असतो. ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय नियमांत आहे. नोकरी सुटण्याआधी अर्ज करावा लागतो, आणि एक्झिटच्या दिवशी लॅपटॉप-चार्जरची यादी तपासणारा एचआर ते आपणहून क्वचितच सांगतो.

कंपन्यांकडं माझी मागणी याहून थोडी मोठी आहे. ज्याला तुम्ही काढता, त्याचा आणि त्याच्या आई-वडिलांचा मेडिक्लेम पुढचे सहा महिने चालू ठेवा, आणि हे वाक्य पॉलिसीच्या पीडीएफमध्ये न लिहिता नियुक्तिपत्रात लिहा. हिंजवडीतली जी पहिली कंपनी हे करेल तिचं ते पत्र मला पाठवा. या सदराची सगळी जागा मी त्या पत्राला देईन.